कळलावीची बाजू

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. सेशनल तोंडावर आलेल्या, जर्नल अपुरी, आणि मी लायब्ररीतून हॉस्टेलकडे येत होते. आम्हा मुलींच्या हॉस्टेलच्या मागच्या बाजूला, जिथे आम्ही कपडे वाळत घालतो (आणि पावसाळ्यात ते कधीच वाळत नाहीत!), तिथे तारेचं जुनं कुंपण आहे. त्याला बोर, बाभूळ, घाणेरी असं सगळं काटेरी प्रकरण चिकटलेलं आहे. त्या काट्यांमधून वर आलेल्या एका वेलीला लाल-पिवळी फुलं लागली होती. ज्वाळेसारखी. आणि एक दादा विळ्याने ती वेल ओढून ओढून काढत होते.

मी विचारलं, "दादा, ही कशाला काढता?"

"साफ करायला सांगितलं आहे ताई. अन् ही चांगली नाही. विषारी आहे. घराजवळ राहिली तर भांडनं लावते."

मी हसले आणि खोलीत आले. पण जर्नल उघडल्यावर लक्षात आलं, की हे वाक्य मला पाठ आहे. नागभीडला आजीच्या तोंडून ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे. "हात नको लावू त्याले पोरी, कळलावी आहे ते!"

पुढच्याच आठवड्यात नोटीस बोर्डावर लागलं, की मागच्या कुंपणाच्या जागी पक्की कंपाउंड वॉल होणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मुलींच्या हॉस्टेलला भिंत हवीच, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. रात्री त्या बाजूला डुकरं येतात, क्वचित माणसंही येतात, आणि घरचे लोक काळजी करतात. माझं म्हणणं एवढंच आहे की भिंत बांधताना त्या वेलीचाही विचार व्हावा. हे वाचून काही जण म्हणतील, हिला दुसरा विषय मिळाला नाही का? मेसचा प्रश्न आहे, पाण्याचा प्रश्न आहे, प्लेसमेंटचा तर सगळ्यात मोठा प्रश्न आहे. मान्य. पण त्या प्रश्नांवर दरवर्षी लेख येतात. वेलीची बाजू घेणारं कुणी नाही, म्हणून हा लेख.

आधी माझी कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. आम्हाला वर्डस्वर्थची डॅफोडिल्सवरची कविता पाठ करावी लागली. डॅफोडिल मी आजतागायत प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. जीकेच्या पुस्तकात देश आणि त्यांची राष्ट्रीय फुलं असा तक्ता होता. त्यात झिंबाब्वेसमोर 'फ्लेम लिली' असं लिहिलेलं होतं. हे उत्तर मी क्विझमध्ये देऊन एकदा कंपासपेटी जिंकलेली आहे! आणि तीच फ्लेम लिली आमच्याच शेताच्या धुऱ्यावर दर पावसाळ्यात फुलते, आजी जिला कळलावी म्हणते ती हीच, हे मला कळायला बारावी उजाडली. झिंबाब्वेचं फूल मला माहीत होतं, नागभीडचं माहीत नव्हतं. यात शाळेचा दोष किती आणि माझा किती, हा हिशोब मी सोडून दिला आहे. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांची हीच कथा असेल, असं मला वाटतं.

तर ही कळलावी. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. लिनियसने १७५३ मध्ये हे नाव दिलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ जवळपास 'वैभवशाली, देखणी' असा होतो. आपल्याकडे तिला अग्निशिखा, वाघनखी, खड्यानाग अशीही नावं आहेत. आफ्रिका, भारत, श्रीलंका आणि आग्नेय आशिया हे तिचं मूळ घर. म्हणजे ती बोगनवेलीसारखी परदेशातून आणून लावलेली नाही, ती आपली आहे. तामिळनाडूने तर तिला राज्यफूल केलं आहे. एकच फूल एका देशाचं राष्ट्रीय फूल, एका राज्याचं राज्यफूल, आणि आपल्याकडे भांडणाचं कारण!

तिचं वागणं इंजिनिअरच्या डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. बहुतेक वेली खोडाने किंवा वेगळ्या तणाव्यांनी चढतात. कळलावी पानांनी चढते. तिच्या पानाचं टोक निमुळतं होत जातं आणि शेवटी स्प्रिंगसारखं गुंडाळतं. त्या टोकाला काटकी, तार, गवताची काडी, काहीही लागलं की ते वेढा घालतं. पान तेच, कामं दोन: अन्न बनवणं आणि भार पेलणं. खोड इतकं नाजूक असतं की आधाराशिवाय ते उभं राहू शकत नाही, पण आधार मिळाला की माणसाच्या डोक्यावर सहज जातं.

फूल तर अजबच. ते खाली तोंड करून लोंबतं, पण सहाही पाकळ्या उलट्या वर वळलेल्या असतात. कडा नागमोडी. उमलताना फूल हिरवट-पिवळं, मग खाली पिवळं आणि टोकाला लाल, आणि शेवटी सगळंच लालबुंद. एकाच वेलीवर या तिन्ही अवस्था एकाच वेळी दिसतात, म्हणून ती पेटल्यासारखी वाटते. सहा पुंकेसर चारी बाजूंना पसरलेले, आणि मधली परागवाहिनी मात्र बुडाशीच जवळपास काटकोनात वळून बाहेर निघालेली. ही काटकोनाची भानगड उगाच नाही. स्वतःचेच पराग स्वतःवर पडण्याची शक्यता त्यामुळे कमी होते. मध प्यायला आलेल्या फुलपाखराच्या पंखाला पराग लागतात आणि ते दुसऱ्या फुलावर जातात.

आता मूळ मुद्दा, ती कुठे आणि कशी वाढते. कारण बाजू घ्यायची तर नुसतं 'किती सुंदर!' म्हणून भागत नाही. तिला काय लागतं ते माहीत पाहिजे.

पहिली गोष्ट, पाणी हवं पण साचलेलं नको. आमच्या नागभीडकडे धानाची शेती. रोवणी झाली की बांधीत पाणी साचलेलंच असतं. तिथे कळलावी कधी दिसणार नाही, कारण तिचा कंद कुजतो. पण त्याच बांधीच्या धुऱ्यावर, हातभर उंचीवर, जिथे पाऊस पडतो आणि निथळून जातो, तिथे ती हमखास दिसते. माती तिला भुसभुशीत, रेताड किंवा मुरमाड चालते, सामू साधारण ६ ते ७. भारी काळ्या कन्हार जमिनीपेक्षा हलकी बरडी तिला मानवते. म्हणजे ज्या जमिनीला शेतकरी नाक मुरडतो, तिथे ही खूश!

दुसरी गोष्ट, आधार. काटेरी झुडूप असेल तर फारच उत्तम. झुडूप तिला चढायला शिडी देतं आणि गुरांपासून राखतं. म्हणून ती दाट जंगलाच्या पोटात कमी आणि जंगलाच्या काठावर, पांदणीच्या कडेला, कुंपणावर जास्त असते.

तिसरी गोष्ट, ऊन. पायाशी सावली आणि डोक्यावर ऊन, असं तिचं गणित. बुडाशी पालापाचोळा असला की कंद गार राहतो, आणि शेंडा झुडपाच्या वर काढून ती फुलते.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: झोप. कळलावी वर्षातले सात-आठ महिने जमिनीच्या वर नसतेच. मृगाचा पाऊस झाला की कोंब येतो, पोळ्याच्या आगेमागे फुलं, गणपती-महालक्ष्म्यांपर्यंत बहर, मग फळं. फळ वाळून फुटतं, आत नारिंगी-लाल बिया दिसतात. दिवाळीनंतर वेल पिवळी पडून वाळून जाते. खाली राहतो तो फक्त कंद. हा कंद दोन फाट्यांचा, इंग्रजी 'व्ही'सारखा किंवा नांगरासारखा असतो. संस्कृतात नांगराला लांगल म्हणतात, म्हणून हिचं संस्कृत नाव लांगली. दर वर्षी जुना कंद आटतो आणि नवा तयार होतो. प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा असतो. टोक मोडलं की तो फाटा पुन्हा फुटत नाही. बियांपासून वेल करायची तर फुलं यायला तीन-चार वर्षं जातात. म्हणजे आपल्या डिग्रीएवढा काळ!

आता ही चौथी गोष्ट आणि आपलं शिक्षण यांचा संबंध सांगते. मी सिव्हिलची. आमचा सर्व्हे कॅम्प कधी असतो? पाऊस संपल्यावर. बांधकामाची पाहणी कधी होते? उन्हाळ्याच्या आधी. काम कधी सुरू होतं? उन्हाळ्यात, म्हणजे पावसाच्या आत फाउंडेशन व्हावं. हे बरोबरच आहे, चिखलात लेव्हल लावून बघा म्हणजे कळेल. पण त्यामुळे होतं काय, की आपण जेव्हा जागा बघायला जातो तेव्हा कळलावी तिथे नसते. म्हणजे असते, पण जमिनीखाली. आपण वही उघडून लिहितो, 'झुडपे, गवत'. एस्टिमेटमध्ये पहिली ओळ येते साइट क्लिअरन्सची. जेसीबी येतो, वरची फूटभर माती खरवडतो, आणि कंद मातीबरोबर ट्रॉलीत जातो. कुणीही मुद्दाम काही वाईट केलेलं नसतं. ड्रॉइंगमध्ये जे नव्हतं ते गेलं, तर गेलं हे कळणार तरी कसं?

मला वाटतं, ही फक्त एका वेलीची गोष्ट नाही. पावसाळी नाल्याचंही असंच होतं. मे महिन्यात तो कोरडा दिसतो, म्हणून कुणीतरी त्यावर लेआउट टाकतो, आणि जुलैत पाणी घरात शिरल्यावर सगळे विचारतात की हे आलं कुठून! एकाच ऋतूत जागा बघून तिच्याबद्दल मत करणं, ही आपल्या धंद्याची जुनी खोड आहे. कळलावी ती खोड दाखवून देते, एवढंच.

नागभीडचंच उदाहरण घ्या. नागपूर–नागभीड ही अडीच फुटी नॅरोगेज लाइन नोव्हेंबर २०१९ मध्ये गेज कन्व्हर्जनसाठी बंद झाली. त्या गाडीने मी लहानपणी खूप फिरले आहे. उमरेड, भिवापूर करत ती इतकी हळू जायची की पावसाळ्यात खिडकीतून रुळाच्या कडेची फुलं एकेक करून मोजता यायची. भरावाच्या उतारावर, झुडपांतून, ही लाल फुलं मी पाहिलेली आहेत. (नाव तेव्हा माहीत नव्हतं, ते वर सांगितलंच.) आता कुणी म्हणेल की मग तुला जुनीच गाडी हवी का? मुळीच नाही! मला ब्रॉडगेज हवीच आहे. आजारी माणसाला नागपूरला न्यायचं तर ती हळू गाडी किती जिवावर यायची, हे आमच्याकडच्या लोकांना विचारा. पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या भरावाचा उतार माणसानेच तयार केलेला होता, इंजिनिअरनेच. पाणी निथळणारी माती, उघडं ऊन, कडेला झुडपं. कळलावीला हवं ते सगळं तिथे होतं. म्हणजे आपलं बांधकाम तिच्या विरोधातच असलं पाहिजे असं नाही. रेल्वेचा भराव, कालव्याचा काठ, तलावाची पाळ, या आपण केलेल्या जागा तिला चालतात. फक्त त्या दरवर्षी जाळल्या नाहीत आणि खरवडल्या नाहीत पाहिजेत.

काही जण म्हणतील, त्यासाठी अभयारण्य आहे ना! आहे. नागभीडजवळ इंग्रजांच्या काळातला घोडाझरी तलाव आहे आणि २०१८ मध्ये त्या परिसराला अभयारण्य जाहीर केलं गेलं. त्याचा मला अभिमानच आहे. पण वर सांगितलं तसं, कळलावी ही काठावरची वेल. ती धुऱ्यावर, पांदणीवर, झुडपी जंगलात राहते. 'झुडपी जंगल' हा शब्द आपल्या पूर्व विदर्भाचा खास. सात-बाऱ्यात या नावाची कितीतरी जमीन आहे, आणि वर्षानुवर्षं तिच्याकडे 'रिकामी पडलेली जागा' म्हणूनच बघितलं गेलं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही झुडपी जंगलं वनच समजावीत असा निकाल दिला. कोर्टाला जे दिसलं ते आपल्याला आपल्या हॉस्टेलच्या मागे का दिसू नये?

आता विरोधी पक्षाचे मुद्दे घेते. त्यांना टाळून बाजू मांडता येत नाही.

पहिला मुद्दा: ती विषारी आहे. हो, आहे. आणि थोडीथोडकी नाही, चांगलीच विषारी आहे. वेलीच्या सगळ्या भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कॉल्चिसीन नावाचं द्रव्य असतं. कंद रताळ्यासारखा वाटून लोकांनी खाल्ल्याच्या आणि त्यात जीव गेल्याच्या घटना भारतात आणि श्रीलंकेत झालेल्या आहेत. आधी उलट्या-जुलाब होतात, माणसाला वाटतं अन्न बाधलं, आणि दोन-तीन दिवसांत किडनी, लिव्हर, रक्त तयार करणारी मज्जा अशा सगळ्यांवर परिणाम होतो. त्यावर सहज मिळणारा असा खास उतारा नाही. तेव्हा कुणीही, अगदी गंमत म्हणूनही, तिचा कोणताही भाग तोंडात घालू नये, आणि कुणाच्या पोटात गेलाच तर वाट न बघता दवाखाना गाठावा. आयुर्वेदातही लांगलीची गणती उपविषांत होते. आमच्याकडे जुन्या बाया बाळंतपण अडलं की हिचा कंद उगाळून लेप लावत असत असं सांगतात, कळा लावते म्हणून कळलावी. ते आता कुणी करू नये, हे सांगायची गरज नाही.

पण विषारी म्हणून उपटायची, तर मग नियम सगळ्यांना सारखा लावा. आपल्या ॲडमिन बिल्डिंगसमोर पिवळी कण्हेर ओळीने लावली आहे. तिची एक-दोन फळंही माणसाला जिवावर बेतू शकतात. हायवेच्या डिव्हायडरवर मैलोन् मैल लाल-गुलाबी कण्हेर आहे, तीही विषारी, आणि ती तर सरकारी खर्चाने लावलेली! त्यांना कुणी विळा लावत नाही, कारण त्या 'गार्डन'मधल्या आहेत. रानातली विषारी ती वाईट आणि कुंडीतली विषारी ती शोभेची, हा न्याय मला कळत नाही. विष असेल तर माहिती हवी, पाटी हवी. जिथे लहान मुलं खेळतात तिथे आणि मेसच्या भाजीच्या वाफ्याजवळ ती नको, हे मलाही मान्य. पण हॉस्टेलच्या मागे, तारेपलीकडे, अठरा-वीस वर्षांच्या मुलींमध्ये कंद उकरून खाणारी कुणी निघेल असं मला वाटत नाही. (मेसचं जेवण कितीही वाईट असलं तरी!)

शिवाय ज्याला आपण विष म्हणतो त्याची दुसरी बाजू बघा. कॉल्चिसीन हे गाउट या सांधेदुखीवरचं जुनं औषध आहे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याचा अगदी कमी डोस हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठीही मंजूर केला. पेशी विभागताना आत जे सूक्ष्म दोर तयार होतात ते हे द्रव्य अडवतं, म्हणून पेशीचं विभाजन मध्येच थांबतं. याचा उपयोग करून वनस्पतींमधली गुणसूत्रं दुप्पट करता येतात, हे १९३७ च्या सुमारास शास्त्रज्ञांना कळलं. बिनबियांचं कलिंगड त्याच वाटेने आलं. तामिळनाडूत करूर, दिंडिगुल या भागांत शेतकरी कळलावीची रीतसर शेती करतात, बियांसाठी. तिथे सकाळी सकाळी माणसं हाताने एकेका फुलाचं परागीभवन करतात आणि त्या बिया औषध कंपन्यांसाठी परदेशी जातात.

हे वाचून आपल्यातला कुणी लगेच स्टार्टअपचा विचार करेल. करू दे. पण घाई नको. लागवडीला कंद महाग, मेहनत भरपूर, आणि गिऱ्हाईक ठरावीक. त्याहून मोठी भीती अशी, की 'या कंदाला भाव आहे' एवढी अर्धवट बातमी पसरली तर लोक लागवड करणार नाहीत, रानातले कंद खणून विकतील. देशात बऱ्याच ठिकाणी असंच होऊन ही वेल कमी झालेली आहे. कंद काढला म्हणजे ती वेल संपली, हे विसरू नका. फांदी तोडणं वेगळं, कंद खणणं वेगळं.

दुसरा मुद्दा: ती भांडणं लावते. यावर हसून सोडून देणार होते. पण सोडवत नाही, म्हणून सांगते.

आमच्या घरी शेतीच्या वाटणीवरून बरीच वर्षं कुरबुर चालली होती. तिघं भाऊ, बांध्या कमी, एकच विहीर. भांडणाची कारणं सगळ्यांना माहीत होती. पण नाव पडलं ते धाकट्या काकूचं. ती बाहेरून आलेली, तोंडाने फटकळ, हिशोब मागणारी. "हिनंच कळ लावली," असं सगळे म्हणायचे. एकदा तर कुणीतरी तिच्या तोंडावर "कळलावी" म्हणालं. त्याच पावसाळ्यात आजीने धुऱ्यावरची वेलही उपटून टाकायला लावली, म्हणजे घराला लागलेली पीडा जाईल. वेल गेली, भांडण राहिलं. पुढच्या वर्षी वाटणी झाली. मोजणी झाली, धुऱ्यावर सिमेंटचे खांब आले, तार आली. आणि मृगात त्याच तारेवर कळलावी चढली, कारण कंद खालीच राहिला होता!

काकूने मागितलेला हिशोब बरोबर होता, हे नंतर बाबांनीच कबूल केलं. पण ती अजूनही आमच्याकडे आली की आधी दारात थांबते, "या" म्हटल्याशिवाय आत येत नाही. एकदा चिकटलेलं नाव असं सुटत नाही. मला तर वाटतं, भांडणाचं खरं कारण बोलून दाखवायची हिंमत नसली की आपण एखादी बाई शोधतो, नाहीतर एखादी वेल. दोघींनाही उलट उत्तर देता येत नाही, म्हणून.

तेव्हा दादांनी विळा चालवताना जे सांगितलं त्यावर मी त्यांना दोष देत नाही. माझी आजीही तेच सांगते. पण आपण इथे चार वर्षं शिकायला आलो आहोत. चार वर्षांनंतरही आपण तेच म्हणणार असू, तर मग डिग्री कशाची?

असो. नुसती तक्रार करून थांबत नाही, तीन सूचना करते. तिन्ही फुकटात होण्यासारख्या आहेत.

एक. भिंत जरूर बांधा. पण भिंतीच्या आतल्या बाजूला, पाणी निथळेल अशा बेताने, दोन-अडीच फुटांची पट्टी फरशी न लावता सोडा. त्या पट्टीत बोरी-बाभळीची दोन-चार झुडपं राहू द्या, नाहीतर जुन्या कुंपणाचीच तार भिंतीला समांतर ताणून द्या. पट्टी कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांपासून लांब असेल तर कुणाची अडचण होणार नाही. भिंतीतून पाणी जायला भोकं ठेवावीच लागतात, तेवढी नीट ठेवली की कंद कुजणार नाहीत.

दोन. खोदकाम उन्हाळ्यात होणार, तेव्हा वेल दिसणार नाही. म्हणून या पावसाळ्यात, ती फुललेली असतानाच, प्रत्येक वेलीच्या बुडाशी रंगवलेली खुंटी ठोकू या. उन्हाळ्यात जेसीबी येण्याआधी त्या खुंट्यांजवळची माती हातकुदळीने हळू काढायची, कंद टोक न मोडता अलगद उचलायचा, आणि ठरलेल्या पट्टीत चार-सहा बोटं खोल आडवा लावायचा. हातात ग्लोव्हज घालायचे, नंतर साबणाने हात धुवायचे. एनएसएसच्या मुलांना एक रविवार पुरेल. मी स्वतः कुदळ घेऊन येईन. आणि तिथे मराठीत, ठळक अक्षरांत पाटी लावायची: कळलावी. विषारी. बघा, तोडू नका, खाऊ नका.

तीन. ही सूचना आमच्या डिपार्टमेंटसाठी. सर्व्हे कॅम्प आहे तेव्हाच असू द्या, पण त्याच जागेवर श्रावणात एक दिवस नुसतं फिरून यायचं ठेवा. इन्स्ट्रुमेंट नको, मार्क नकोत, व्हायवा तर नकोच नको. फक्त एक नोंद करायची, की आपण ड्रॉइंगमध्ये जिथे 'झुडपे, गवत' लिहिलं, तिथे पावसाळ्यात काय आहे. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, काय उगवलं आहे. माझी खात्री आहे की निम्म्या ड्रॉइंगमध्ये काहीतरी बदलावं लागेल.

हे लिहीत असताना मी मुद्दाम मागे जाऊन बघून आले. त्या दादांनी वेल ओढून काढली होती, पण कंद खालीच असणार, कारण ओढल्यावर खोड तुटतं, कंद सुटत नाही. आता तिथे काहीच दिसत नाही. वाळकं गवत, तुटकी बादली, आणि कुणाचा तरी हरवलेला मोजा. बघणाऱ्याला वाटेल की इथे काही नाही, खुशाल खोदा.

म्हणूनच सांगतेय. तिथे आहे.